फियोर्डलँडचा शेवटचा पोळ

२०१९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या, न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, शेजारचे म्हातारे मेंढीवाले दोन आठवडे बेटावर स्वयंसेवक म्हणून राहून आले. आल्या आल्या आमच्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाले, "तुझा धंदा आता हवेतून चाललाय!"

मला वाटलं, कुठल्या तरी गोठ्यात नवीन यंत्र आलं असेल. पण ते काकापोबद्दल सांगत होते. काकापो म्हणजे न उडणारा, रात्री हिंडणारा, चार किलोपर्यंत वजनाचा हिरवा पोपट. जगात फक्त न्यूझीलंडमध्ये. त्या वर्षी व्हेनुआ हौ नावाच्या बेटावर नराचं वीर्य गोळा करून ते ड्रोनला लावून बेटाच्या दुसऱ्या टोकाला पाठवत होते. तिथं मादीजवळ माणूस तयार बसलेला. जंगलातून चिखल तुडवत न्यायचं म्हटलं तर बराच वेळ मोडतो, तोवर वीर्यातला जीव कमी होत जातो. ड्रोननं काही मिनिटांचं काम.

म्हाताऱ्यांना ही गंमत वाटत होती. मला वाटली नाही. २००८ ते २०१३ मी आटपाडी तालुक्यात हेच केलंय, फक्त ड्रोनच्या जागी मोटरसायकल होती. मागं नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, पुढं डब्यात गन (वीर्य आत सोडायची लांब नळी), तिच्यावरचं आवरण शीथ, हातमोजे आणि थर्मास. गाय माजावर आली की फोन यायचा: "डॉक्टर, या लवकर, सकाळपासनं हंबरतीया." मी डॉक्टर नव्हतो, कृत्रिम रेतन करणारा होतो, पण माणदेशात कंटेनरवाला तो डॉक्टर. वेळेचं गणित तिथंही तेच. कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, उणे १९६ अंशांतून काढली, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली, की पुढं रेंगाळायचं नाही.

आता मी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलँडमध्ये एका डेअरी फार्मवर आहे. दहा वर्षं होऊन गेली. इथं नोव्हेंबरात गायी भरवायला काढतात आणि हंगामात पुष्कळदा गोठवलेलं न वापरता ताजं वीर्य वापरतात. गायी बहुतेक किवीक्रॉस, फ्रिझियन आणि जर्सीची मिसळ. रंगानं कुठल्याही, पायानं घट्ट, गाभण राहायला सोप्या. त्यामुळं "रक्त मिसळलं की जनावर सुधारतं" हे मला इथं रोज डोळ्यांनी दिसतं. ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की म्हाताऱ्यांनी काकापोची अंडी फुटत नाहीत म्हणून सांगितल्यावर मी लगेच सल्ला देऊन मोकळा झालो: "एकाच बेटाची पैदास आहे ना? मग बाहेरचा वळू आणा."

ते म्हणाले, "बाहेर कुणी उरलंच नाही. एक होता."

त्या एकाबद्दल हा लेख आहे.

---

आधी माझं एक वासरू सांगतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट मला का चिकटली ते कळणार नाही.

आमच्या भागात खिलार. पांढरी-कोशी, शिंगं मागं जाऊन वर उठलेली, नजर तिखट. बाहेरच्याला सगळी खिलार एकच वाटते. आमचे आबा लांबून ओळखतात: हे आटपाडी महालचं, हे म्हसवडचं, हे तापीकडचं थिल्लारी, हे नकली. अंतर तरी किती? आटपाडी ते म्हसवड मोटरसायकलवर तासा-दीड तासाचा रस्ता. तरी जनावर वेगळं पडतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या इकडची गाय इकडच्याच वळूला गेली. खरसुंडीच्या पौषातल्या बाजारात आबा नुसतं कान आणि वशिंड बघून गाव सांगायचे. आणि त्यांचा एक हट्ट: "म्हसवडचं बी आटपाडीला लावू नगं. दोन्ही वाया जातील."

गावात देवाला सोडलेला पोळ असायचा. कुणाच्याही रानात चरला तरी त्याला हाकलायचं नाही. सात-आठ वर्षं तोच गावच्या गायी फळवायचा. हिशेब साधा आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्या स्वतःच्या कालवडी माजावर येतात. आजा म्हणायचा, चार वर्षांनी पोळ बदलावा. पण देवाचा पोळ कोण बदलणार?

तर २०११ मध्ये एका शेतकऱ्याची कालवड मी भरवली. कांडीवरचा नंबर घाईत वहीत नंतर टिपला. गाय व्याली तेव्हा रात्री फोन. वासरू उभं राहिलेलं, चांगलं धष्टपुष्ट, पण आचळाला लावलं की दूध नाकातून बाहेर येत होतं. बोट घालून बघितलं तर टाळू फाटलेला, बोट वर सरळ नाकपोकळीत गेलं. अशाला काही उपाय नसतो. चौथ्या दिवशी वासरू गेलं. मी वही उलटी चाळत गेलो. कालवडीच्या आईला तीन वर्षांपूर्वी मीच भरवलं होतं. त्याच वळूची कांडी. म्हणजे बापाचं बी लेकीला घातलं होतं, मीच. फाटलेला टाळू त्यामुळंच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, इतर कारणांनीही होतो. पण त्या शेतकऱ्याला मी ते कधी सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून कांडी गनला लावण्याआधी नंबर लिहायची सवय लागली, ती आजही आहे.

---

आता तो "एक".

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैऋत्य कोपऱ्याला फियोर्डलँड म्हणतात. उभे कडे, आत घुसलेला समुद्र, आणि पाऊस इतका की आमच्या माणदेशाची कित्येक वर्षांची बेगमी एका वर्षात पडते. १९७० च्या दशकात काकापो संपलाच, असं लोक धरून चालले होते. शोधपथकं फियोर्डलँडच्या दऱ्यांत उतरली आणि त्यांना अठरा पक्षी सापडले. अठराच्या अठरा नर. पक्षी अनेक दशकं जगतो, म्हणून हे म्हातारे नर टिकून होते. दर उन्हाळ्यात डोंगरावर मातीत वाटीसारखा खळगा करून, छाती फुगवून, माद्यांना साद घालत होते. त्याला बूमिंग म्हणतात. आवाज काही किलोमीटर जातो. ऐकायला मादी नव्हती.

त्यातला एक १९७५ मध्ये गलिव्हर व्हॅलीत पकडला आणि मॉड नावाच्या बेटावर हलवला. नाव ठेवलं रिचर्ड हेन्री.

हे नाव माणसाचं आहे आणि त्या माणसाला टाळून पुढं जाववत नाही. १८९४ मध्ये रिचर्ड हेन्री नावाच्या गृहस्थाला सरकारनं रेझोल्यूशन बेटावर राखणदार नेमलं. आयात केलेले स्टोट (मुंगसाच्या तोंडवळ्याचं, पातळ अंगाचं, भयंकर चपळ जनावर) मुख्य भूमीवर पक्षी फस्त करत सुटले होते. या माणसानं होडीतून, कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधून त्याच्याकरवी वास काढून, शेकडो काकापो आणि किवी बेटावर नेऊन सोडले. सहा वर्षं. १९०० मध्ये बेटावर स्टोट दिसला. पोहत आला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दूध काढायला जायची वेळ झाली होती, तरी पाच मिनिटं तसाच बसलो.

बरं, १९७७ मध्ये दुसरी बातमी आली. स्टुअर्ट बेटाच्या दक्षिण भागात काकापो सापडले, शेकड्याच्या घरात, आणि त्यात माद्या होत्या! स्टुअर्ट बेट म्हणजे राकिउरा, आमच्यापासून फोव्हो सामुद्रधुनी ओलांडली की पलीकडं. तिथं स्टोट कधी पोचले नव्हते. पण मांजरं होती, रानटी झालेली, आणि ती वर्षाला निम्मे पक्षी मारत होती. म्हणून १९८० नंतर सापडेल तो पक्षी उचलून बिनमांजराच्या बेटांवर हलवला. १९९५ मध्ये सगळे मिळून ५१ काकापो उरले.

त्या ५१ मध्ये पन्नास स्टुअर्टचे किंवा त्यांचे वंशज. आणि मुख्य भूमीचा, फियोर्डलँडचा, एकच.

बघा, आपण "काकापो" एकच म्हणतो, पण हे आटपाडी आणि म्हसवड आहे. हिमयुग सरताना समुद्र चढला, स्टुअर्ट बेट मुख्य भूमीपासून तुटलं, आणि जवळपास दहा हजार वर्षं या दोन्हीकडच्या पक्ष्यांची सोयरीक झाली नाही. उडता येत नाही, पोहता येत नाही. मधलं पाणी रुंदीला तीसेक किलोमीटर.

---

आम्ही एकदा त्या पाण्यावरून गेलो. ब्लफहून ओबानची फेरी, तासाभराची. बायको संपूर्ण वेळ पिशवी हातात धरून डोळे मिटून होती. ओबानला उतरलो तर हॉटेलच्या कठड्यावर एक तपकिरी पोपट येऊन बसला आणि आमच्या मुलीच्या चिप्सकडं एक डोळा करून बघायला लागला. मी सांगितलं, याचं नाव काका. तिला वाटलं मी थट्टा करतोय. माओरीत काका म्हणजे पोपट, आणि पो म्हणजे रात्र. काकापो, रात्रीचा पोपट. तेव्हापासून आमच्या घरात सांगलीचे दोन काका आणि ओबानचे काका असा भेद करावा लागतो.

काकापो मात्र तिथं दिसत नाही. सगळे हलवलेत. ज्या बेटानं त्यांना वाचवलं तिथं आज त्यातलं एकही नाही. त्यातले बरेच व्हेनुआ हौला आहेत, पश्चिमेच्या बाजूला, आणि तिथं परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. म्हातारे गेले तेव्हा आधी इन्व्हरकार्गिलला त्यांच्या बुटांच्या शिवणी आणि खिशांचे कोपरे तपासले. एखादं बी जाऊ नये, उंदीर जाऊ नये.

मी जिवंत काकापो पाहिलेला नाही. डनीडनच्या ओटागो म्युझियममध्ये पेंढा भरलेला पाहिला. फोटोत तो पोपटी हिरवा वाटतो. जवळून बघितलं तर एकही पीस एका रंगाचं नाही. शेवाळी, त्यावर पिवळट आणि काळपट आडव्या रेघा. ओल्या दगडावर साचलेल्या शेवाळाला चिमटीनं उकलावं, तसं. चेहरा घुबडासारखा गोल, चोचीच्या कडेनं मिशा. रात्री वाट चाचपायला. मी खाली वाकून त्याच्या पायाकडं बघत बसलो, तर तिथल्या बाई येऊन विचारून गेल्या, काही हवंय का. मला तळवा बघायचा होता. जुन्या, वाळलेल्या पक्ष्यांचा डीएनए काढायचा तर बोटाच्या तळव्याची नखाच्या टोकाएवढी कातडी खरवडतात असं वाचलं होतं. पण त्याचे पाय फळीला चिकटवलेले होते.

---

हे का बघायचं होतं, तर २०२१ मधल्या एका अभ्यासामुळं.

एकूण ४९ काकापोंचा संपूर्ण जनुकसंच वाचला. ३५ स्टुअर्ट बेटाच्या पैदाशीचे आणि १४ मुख्य भूमीचे. मुख्य भूमीचे पक्षी तर संपलेले. मग जनुकं आणायची कुठून? म्युझियमच्या कपाटांतून, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मारून पेंढा भरलेल्या पक्ष्यांतून. ज्या लोकांनी संपवले त्यांनीच नकळत नमुने जपून ठेवले, असं म्हणावं लागेल.

बघायचं होतं ते असं: प्रत्येक पक्ष्याच्या डीएनएत बिघाडाच्या जागा किती आहेत. असे बिघाड सगळ्यांतच असतात, तुमच्या-माझ्यात, गायीत. बहुतेक लपलेले. आईकडून बिघडलेली प्रत आली आणि बापाकडून चांगली आली, तर काम भागतं. दोन्ही बाजूंनी बिघडलेली आली की वासराचा टाळू फाटतो, नाहीतर गर्भ पोटातच जिरतो आणि शेतकरी म्हणतो, गाय उलटली.

माझी अपेक्षा सरळ होती. बेटाचे पक्षी दहा हजार वर्षं कोंडलेले, एकाच रक्तात वाढलेले. त्यांच्यात बिघाड खच्चून भरलेले असणार. मुख्य भूमीवर मोठी संख्या, मोकळं रान. तिकडचं रक्त साफ असणार.

निघालं उलटं. स्टुअर्टच्या पक्ष्यांत घातक बिघाड मुख्य भूमीच्या पक्ष्यांपेक्षा कमी होते.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं मी इंग्रजी चुकीचं वाचतोय. परत वाचलं. मग गायींच्या भाषेत मांडलं तेव्हा कुठं डोक्यात उतरलं.

मोठ्या कळपात लपलेला दोष सुखानं राहतो. दोन वाहक एकमेकांना भेटायची वेळच क्वचित येते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच धंद्यातलं आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये चीफ नावाचा होल्स्टिन वळू जन्मला. त्याला सोळा हजार लेकी झाल्या. कांडीनं काय होऊ शकतं याचा हा नमुना. दूध अफाट. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता, दोन्ही बाजूंनी आला की गर्भ मरायचा. तो दोष सापडायला जवळपास अर्धं शतक गेलं आणि तोवर जगभरात पाच लाखांवर गर्भपात त्यामुळं झाले असा हिशेब निघाला. गायी कोट्यवधी, म्हणून लक्षातच आलं नाही.

लहान बेटावर असं लपता येत नाही. चुलत, मावस, सावत्र, शेवटी सगळे एकमेकांचे लागतात. दोष पुन्हा पुन्हा समोरासमोर येतो, ते पिल्लू मरतं, आणि मरताना तो दोष घेऊन जातो. असं दहा हजार वर्षं. त्यात नशिबाचाही भाग असतो, लहान टोळीत काही जनुकं निव्वळ योगायोगानं गळून जातात. पण जे फार घातक आहे ते चाळणीतून पडत राहतं. चाळण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सुपात पाखडणं म्हणावं तर ते कुणी तरी करत असतं. इथं करणारं कुणी नव्हतं. फक्त मेलेली पिल्लं होती.

म्हणजे मी म्हाताऱ्यांना तोऱ्यात सांगितलेला "बाहेरचा वळू", रिचर्ड हेन्री, त्याच्यासोबत नवं रक्त येतं हे खरं, आणि बेटानं हजारो वर्षांत झाडून टाकलेले दोषही परत येऊ शकतात.

फोनवर आबांना हे सांगितलं. आबा ऐकून घेतात, मग एकच वाक्य बोलतात.

"मंजी म्या म्हनत हुतो त्येच खरं झालं की."

नाही आबा, तसंही नाही. कारण गोष्ट इथं थांबत नाही.

---

१९९८ मध्ये, पकडल्यावर तेवीस वर्षांनी, मॉड बेटावर रिचर्ड हेन्रीला फ्लॉसी नावाची मादी मिळाली. फ्लॉसी स्टुअर्ट बेटाची. तीन पिल्लं झाली: गलिव्हर, सिंदबाद आणि कुइया. पहिली दोन नावं फियोर्डलँडच्या दऱ्यांची आहेत, सिंदबाद गली आणि गलिव्हर व्हॅली. दहा हजार वर्षांनंतरची ही पहिली सोयरीक. तिघं जगली, मोठी झाली. रिचर्ड हेन्री २०१० च्या डिसेंबरात मेला, वय कुणालाच ठाऊक नाही, ऐंशीच्या पुढं असावं म्हणतात. त्याचं रक्त आता नातवंडांत आहे.

त्याचे दोष कळल्यावर या वंशावर फुली मारली का? नाही. आणि हे मला पटतं. घातक बिघाड कमी असणं एक, आणि हाताशी वैविध्य असणं दुसरं. बेटाची चाळण ठळक दोष काढते. बारीकसारीक दोष, जे मारत नाहीत पण कमजोर करतात, ते तिच्या भोकांतून पडत नाहीत, साठत जातात. २०१९ च्या हंगामात, ड्रोनच्या त्याच हंगामात, अडीचशेच्या आसपास अंडी घातली गेली. निम्म्याहून जास्त फुकट गेली. सत्तरच्या वर पिल्लं उडाली लिहिणार होतो, पण उडत नाहीत ती. वाढली. तो तोवरचा विक्रमी हंगाम होता आणि तरी अर्धी अंडी वाया. कुठल्या गोठ्यात निम्म्या गायी उलटल्या तर मालक मला उभा करेल का? त्याच वर्षी फुफ्फुसात बुरशी होऊन नऊ पक्षी मेले. सगळे एकाच साच्याचे असतील तर एक रोग सगळ्यांना पुरतो, ही भीती इथं कायमची आहे.

म्हणून काकापोवाले दोन्ही हात धरून चालतात. कुठली मादी कुठल्या नराशी जुळावी हे नातं बघून ठरवायचा प्रयत्न करतात, पक्षी बेटाबेटांत हलवतात, आणि जुळत नाही तिथं कृत्रिम रेतन. पण मादी शेवटी ज्याचं बूमिंग आवडेल त्याच्याकडं जाते, आणि थोडेच नर बहुतेक सगळ्या माद्या मिळवतात. देवाच्या पोळासारखं. फरक एवढाच की इथं पोळ गावाला बदलता येत नाही, तर त्याच्यामागून दुसऱ्याचं वीर्य ड्रोननं पोचवतात. शिवाय दर वर्षी पैदास होत नाही. रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळ धरलं तरच, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. आमच्याकडं एकवीस दिवसांनी गाय परत माजावर येते. इथं हंगाम हुकला की मुलगी बालवाडीतून शाळेत जाते.

आणि माणसानं मदत केली म्हणजे भलंच होतं असंही नाही. न्यूझीलंडच्याच चॅटम बेटांवर काळा रॉबिन म्हणून चिमणीएवढा पक्षी आहे. १९८० मध्ये जगात पाच उरले होते, त्यात पिल्लं देणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. आज जेवढे आहेत ते सगळे तिच्या एका जोडीचे. त्यांना वाचवताना माणसं एकेका अंड्याला जपत होती. काही माद्या अंडं घरट्याच्या काठावर घालायच्या, ते मग उबत नाही. कार्यकर्ते हळूच आत ढकलून ठेवायचे. कोण नाही ढकलणार? पण ती खोड आनुवंशिक निघाली. १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालायला लागल्या. मग ढकलणं बंद केलं, आणि २०११ पर्यंत प्रमाण नऊ टक्क्यांवर आलं. मधल्या वर्षांत काठावरची अंडी थंड होताना बघत उभं राहावं लागलं असेल कुणाला तरी. मला ते वासरू चार दिवस बघवलं नव्हतं.

मी हे म्हाताऱ्यांना बोललो. ते मेंढ्यांत आयुष्य काढलेले. म्हणाले, "ढकलायला हात कुणाचाही पुढं होतो. मागं घ्यायला पगार द्यावा लागतो."

---

२०२५ मध्ये काकापो सव्वादोनशे ते अडीचशेच्या दरम्यान होते. पुढं काय करायचं यावर मला मत विचारायला कुणी येणार नाही, पण मत आहे. रिचर्ड हेन्रीची लेकरं-नातवंडं स्टुअर्टवाल्यांत मिसळत राहावीत, पण बेताबेतानं आणि वही ठेवून. कुठला दोष कुणाकडं आहे हे आता वाचता येतं, आणि १६९ पक्ष्यांचं, म्हणजे २०१८ मध्ये जिवंत असलेल्या जवळपास सगळ्यांचं, २०२३ पर्यंत वाचून झालेलं आहे. जवळपास अख्ख्या जातीच्या प्रत्येक जनावराची अशी नोंद माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या रानटी पक्ष्याची नाही. आमच्या खिलारची तर सोडाच.

खिलारची गोष्ट निघालीच. गेल्या महिन्यात आबांचा फोन आला, या वेळी त्यांना माझं मत हवं होतं. गावचा पोळ म्हातारा झाला, पायानं अधू. यात्रा कमिटी नवीन खोंड बघतेय. एक घरचाच आहे, आटपाडी महालचा, देखणा, आणि एक म्हसवडहून कुणी देणगी द्यायला तयार आहे. आबांचं अर्थात आधीच ठरलेलं.

"आबा, घरचा खोंड कुनाचा?"

"आपल्याच जुन्या पोळाचा."

"आन त्याची आय?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "ते बगावं लागंल."

मी म्हटलं, माझ्या वह्या माळ्यावर आहेत, निळ्या पुठ्ठ्याच्या, पेटीच्या मागं. कुणाला तरी चढवा, फोटो काढून पाठवा. दोन दिवसांनी पुतण्यानं पाठवले. २००९, २०१०, ठळक दिसतंय, गावाचं नाव, मालकाचं नाव, गायीचा रंग, कांडीचा नंबर. २०११ ची वही पण आहे, त्या वासराचं पान आहे. २०१२ ची मिळाली ती अर्धी. उरलेली उंदरांनी खाल्लीय.